टोकाची गाठ

रविवारी धबधब्यांतून दोरीने उतरायला जायचं होतं आणि त्यासाठी मास्तरांची एकच अट होती. पोहण्याच्या तलावावरच्या उंच मचाणावरून, डोक्यावर पाइपचं पाणी पडत असताना, जो दोरीने नीट खाली येईल तो चालेल. अडकेल तो घरी. मास्तर एरवी शाळेत भूगोल शिकवत आणि सुट्ट्यांत माणसं घेऊन घळींत उतरत. त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

बारकीची पाळी शेवटची. गेल्या वेळी ताप आला म्हणून ती राहिली होती. यंदा तिने मनाने कधीच सामान भरलं होतं. तिचा दादा सुक्या कड्यांवर मुरलेला गडी. आज गटाच्या दोऱ्या त्याच्याकडे होत्या.

"कंबरेचा हार्नेस घट्ट आहे ना गं?" दादाने पट्टे ओढून पाहिले.

"आणखी आवळलास तर सकाळचा चहा बाहेर येईल."

बाकावर टॉवेल घेऊन बसलेली वहिनी म्हणाली, "माझा हात भाजला तेव्हा एवढी चौकशी नव्हती केलीत!"

बारकी हेल्मेटचा पट्टा लावायला वळली आणि दादाने तिच्या दोरीच्या टोकाला गाठ मारली. सुक्या कड्यावर ती लागतेच, नाहीतर दोरी संपते आणि माणूस खाली जातो. पाण्यात मात्र टोक मोकळं हवं, म्हणजे दोरीतून सरळ निसटून पोहत सुटता येतं. मास्तरांनी हे सकाळीच दोनदा बजावलं होतं. दादाने ऐकलंही होतं. पण बहिणीची माया एकदा कानांवर हात ठेवून बसली की तिथे मास्तरांचं काय चालणार?

दोरी खाली सोडली. टोक जेमतेम पाण्याला टेकलं, पाइपच्या फवाऱ्यात गाठ कुणाला दिसली नाही. बारकी छान उतरली. कंबर पाण्यात गेली आणि गाठ डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरी जिच्यातून सरकते त्या कंबरेच्या कडीत, जाऊन बसली. वरून पाणी थेट तोंडावर. ती हात मारत होती, दोरी सुटत नव्हती.

मास्तरांनी वरची दोरी सैल सोडता येईल अशीच बांधलेली होती. त्यांनी ती सोडली, बारकी तरंगत काठाला आली आणि खोकत बसली. वहिनीने तिला टॉवेलात गुंडाळलं.

मास्तर खाली आले, गाठ पाहिली. "दोरी पिशवीत कुणी भरली?"

"मी," बारकी म्हणाली. सकाळी तिनेच खरंच भरली होती.

"मग पोरी, यंदाही राहिलं."

बारकीने मान खाली घातली. दादा गाठीकडे पाहत होता. गप्प राहिलं तर ती रविवारी घरी, सुखरूप. याहून वेगळं त्याने देवाजवळ काय मागितलं होतं? तिने टॉवेलचं टोक डोळ्यांना लावलं. पाणी पुसलं की आणखी काही, ते त्याला कळलं नाही.

"गाठ माझी आहे," तो म्हणाला. "तिला माहीतही नव्हतं."

मास्तरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "सांगून ऐकत नाही त्याच्या हाती मी माणसं देत नाही. तू राहा. हिला पुन्हा उतरू दे."

"दादा!" बारकी ओरडली. "अक्कल गहाण ठेवलीस का रे?"

"वर जा आधी. अंग गार पडतंय."

ती गेली. या खेपेला दोरी तिने स्वतः तपासली. पाण्याशी आली, टोक डिसेंडरमधून सुळकन निघालं आणि ती पोहत दूर गेली. दोरीला हात लागू नये म्हणून दादाने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते.

वहिनी ओला टॉवेल पिळत म्हणाली, "म्हणजे रविवारी डबा एकच करायचा?"

"एकच," तो म्हणाला. "पण मोठा कर. तिला भूक फार लागते."