सतरावा अध्याय, अठरावं वचन

रंगारणीचे हात कोपरापर्यंत जांभळे होते आणि ते तसेच राहणार होते. कापड रंगवणाऱ्या बाईचे हात गोरेगोमटे असतात असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा उकळत्या पिंपात काठी फिरवून बघावी. साबण, राख, लिंबू, सगळं करून झालं होतं. लोकांनी तिला ‘जांभळी’ नाव ठेवलं, तेही तिनं चालवून घेतलं. चालवून घेतलं नाही ते बारा वर्षांपूर्वीचं.

तेव्हा प्रार्थनागृहात पाळकांचा बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकावर, प्रकटीकरणावर, वर्ग चालायचा. सात डोक्यांचा पशू, त्याची शिंगं, त्याच्यावर बसलेली जांभळ्या-किरमिजी वस्त्रांतली बाई, ‘मोठी वेश्या’, असा सगळा तक्ता भिंतीवर टांगून पाळक एकेका चिन्हाचा अर्थ सांगायचे. जगाच्या अंताची तारीखही त्यांनी दोनदा काढली होती आणि दोन्ही तारखा सुखरूप उलटून गेल्या होत्या. एकदा रंगारीण कामावरून तशीच वर्गाला गेली आणि तिनं भाबडेपणानं विचारलं, “पाळकसाहेब, तारीख दोनदा चुकली. मग चिन्हं वाचण्यातच काही चुकत असेल का?”

लोक हसले. पाळक हसले नाहीत. त्यांनी सतरावा अध्याय उघडला, त्या बाईचं वर्णन वाचलं, वाचता वाचता रंगारणीच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, “ही बाई लांब शोधायला नको. आपल्या मंडळीतही असते. हात बघून ओळखा.” उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांचं काय गेलं?

गेलं ते तिचं. आठवडाभर लोकांनी थट्टा केली, मग थट्टा थांबली आणि बोलणंच बंद झालं. घर फिरलं की वासेही फिरतात. धाकट्या बहिणीचं लग्न मंडळीतल्याच मोठ्या घरात ठरलं होतं, सासरा मंडळीचा कारभार बघणाऱ्या ‘वडिलां’पैकी एक, मानाचा. धाकटी म्हणाली, “ताई, थोडे दिवस येऊ नकोस.” लग्नानंतर आईला अर्धांगवायू झाला आणि धाकटीनं तिला आपल्याकडे नेलं. रंगारीण त्या दारात तीनदा गेली. तिन्ही वेळा दार वीतभर उघडलं आणि धाकटीचं अर्धं तोंड म्हणालं, “घरात मोठी माणसं आहेत गं, नंतर ये.” आठव्या महिन्यात आई गेली. रंगारणीला कळलं ते पुरून झाल्यावर.

आईचं तोंड बघायला मिळालं नाही, हे दुःख एखादी रडून संपवते. ही त्यातली नव्हती. हिनं डूख धरला. ट्रंकेच्या तळाशी फेकलेलं बायबल बाहेर काढलं, भक्तीनं नव्हे, दात-ओठ खात, आणि पाळकांनी जिथे वाचायचं थांबवलं होतं तिथून पुढे पिंपाशेजारी उभ्या उभ्या वाचायला लागली.

बारा ओळी पुढे गेली नसेल, तोच तिची काठी पिंपात तशीच राहिली. देवदूत स्वतःच हा दृष्टांत बघणाऱ्या योहानाला सांगत होता: थांब, या सगळ्याचा अर्थ मी सांगतो. सात डोकी म्हणजे सात डोंगर. ती बसली आहे ते पाणी म्हणजे लोक आणि राष्ट्रं. आणि अठराव्या वचनात, अगदी शेवटी, ती बाई म्हणजे पृथ्वीच्या राजांवर सत्ता चालवणारी मोठी नगरी. नगरी. बाई नव्हेच. अर्थ त्याच अध्यायात होता आणि पाळक त्याच्या अलीकडे पुस्तक मिटून मोकळे झाले होते.

मग तिला नादच लागला. जुन्या करारात दानिएल संदेष्ट्याच्या दृष्टांतातला मेंढा आणि बोकड कोणते राजे, हे तिथला देवदूतच सांगतो. प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात समया म्हणजे मंडळ्या, हेही तिथेच सांगितलंय. रंग उकळेपर्यंत एक अध्याय, कापड निथळेपर्यंत दुसरा, अशी ती वाचत राहिली आणि तिला त्यातली मेख कळली. चिन्हाचा अर्थ आधी त्याच अध्यायात शोधायचा. तिथे नसेल तर दुसऱ्या संदेष्ट्यानं तेच चिन्ह कसं वापरलंय ते बघायचं. तिथेही नसेल तर गुमान ‘मला माहीत नाही’ म्हणायचं. शेजारणीचे हात बघून अर्थ लावायचा नाही.

हे तिला वाचायला लागल्यावर थोड्याच दिवसांत कळलं होतं. पण तिनं ते कुणाला सांगितलं नाही. चार लोकांत कुजबुजून काय होणार होतं? तिला भरलेलं सभागृह हवं होतं.

ते मिळालं बाराव्या वर्षी. पाळकांना शिकवायला लागून पंचवीस वर्षं झाली म्हणून मोठी सभा ठेवली होती, बाहेरगावच्या मंडळ्यांनाही बोलावणं होतं. सभेत प्रश्नपेटी असणार होती. पेटीचा नियम पाळकांनीच घालून दिलेला होता: चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, फक्त अध्याय आणि वचन लिहायचं. निघेल ती चिठ्ठी पाळकांनी मोठ्यानं वाचायची आणि अर्थ सांगायचा. निघालेली चिठ्ठी परत पेटीत टाकायची नाही.

रंगारीण स्वतः रंगवलेली गडद जांभळी साडी नेसून गेली आणि शेवटच्या बाकावर बसली. शेजारची बाई सरकली. “सरका, अजून सरका,” रंगारीण म्हणाली, “रंग पक्का आहे, लागत नाही.”

पहिली चिठ्ठी उघडून पाळक म्हणाले, “प्रकटीकरण सतरा, अठरा.” त्यांनी पान काढलं. डोळे ओळीवरून गेले आणि तिथेच अडकले. “हा विषय मोठा आहे, पुढच्या वेळी घेऊ.”

पहिल्या रांगेतून धाकटीचा सासरा म्हणाला, “साहेब, नियम तुमचाच आहे.” त्या भल्या माणसाला काही ठाऊक नव्हतं.

पाळकांनी वाचलं. ती बाई म्हणजे नगरी, असं त्यांच्याच तोंडून सगळ्या सभेनं ऐकलं. अर्थ सांगायला काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी घाईनं दुसरी चिठ्ठी उघडली. सतरा, अठरा. तिसरी, सतरा, अठरा. वर्षाला एक याप्रमाणे रंगारणीनं बारा चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मधूनच दुसऱ्याची चिठ्ठी निघाली की पाळकांना हायसं वाटायचं, आणि पुन्हा सतरा, अठरा. सातव्या वेळेला त्यांचा आवाज बसला. तोवर माना मागे वळायला लागल्या होत्या.

बारावी वाचून झाल्यावर ती उठली. “नगरी ना, पाळकसाहेब? मग बारा वर्षं मी कोण होते?”

“ते... उदाहरण होतं, बाई.”

“उदाहरणाची आई मेली. उदाहरणाला तिचं तोंड बघू दिलं नाही.”

पाळक खाली मान घालून म्हणाले, “माझं चुकलं. मला माफ करा.”

“नाही करत,” ती म्हणाली आणि खाली बसली. उठून गेली नाही. सभा संपेपर्यंत त्यांच्याकडे बघत बसली. काय सांगावं, बारा वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आली. पिंपाशेजारी उभी राहिली, हातात आईचं जुनं बायबल. “ताई, काल तू बरोबर केलंस,” म्हणाली आणि रडायला लागली. “हे तुझ्याकडेच असायला हवं होतं.”

रंगारणीनं हात पुसले आणि पुस्तक उघडलं. ते आपोआप सतराव्या अध्यायावर उघडलं. खूण म्हणून तिथे जांभळा दोरा घातलेला होता, तिनंच कधीकाळी आईला रंगवून दिलेल्या लडीतला. अठराव्या वचनाखाली वेड्यावाकड्या हातानं ओढलेली रेघ होती.

“ही रेघ कुणाची?”

“आईची,” धाकटी म्हणाली. “डाव्या हातानं ओढली तिनं. मला दाखवलं. बोलता येत नव्हतं तरी तुझं नाव घेत होती. बोलाव म्हणत होती.”

“कधी?”

“जायच्या महिनाभर आधी.” धाकटीनं पदर तोंडाला लावला. “सासरी नुकतं कुठे बस्तान बसलं होतं गं. तुला बोलावलं असतं तर...”

पिंपातला रंग उकळत होता. बारा वर्षं जो राग तिनं एका बडबड्या माणसावर जपून ठेवला होता, तो काल उगाच खर्च झाला, असं रंगारणीला वाटलं. त्या मूर्खानं पुढचं वाचलंच नव्हतं. धाकटीनं वाचलं होतं.

“ताई, काहीतरी बोल ना.”

“पाळकाला अर्थ कळला नव्हता,” रंगारीण म्हणाली. “तुला कळला होता.”

तिनं बायबल काखेत घेतलं, धाकटीला उंबऱ्याबाहेर नेलं आणि दार ओढलं. वीतभर फट ठेवली, पूर्वी तिच्यासाठी ठेवली जायची तेवढीच.

“नंतर ये,” ती म्हणाली, दार लावलं आणि कडी घातली.