काचेआडची गिटार

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे आणि मित्रांनो, मी फार चिडलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावं, अशी तुमची अपेक्षा असेल, तर माफ करा.

माझा जन्म शिरपूरचा. अभिमन नावाचा एक तरुण तिथे रेडिओ दुरुस्त करायचा. त्याची धाकटी बहीण कोकिळा सुपावर बोटं नाचवून ताल धरायची. तिच्यासाठी त्याने सागाच्या फळीतून मला कापलं. विहिरीतल्या जळालेल्या पाणबुडी मोटारीची तांब्याची तार आणि एका रेडिओचं लोहचुंबक वापरून त्याने मला आवाज दिला. रंग लावून घेतला ट्रक रंगवणाऱ्याकडून, लालभडक. देवळाच्या भोंग्याला जोडून कोकिळाने मला पहिल्यांदा छेडलं, तेव्हा ओट्यावरची कुत्री पळाली आणि अभिमन हसत खाली बसला.

पुढे शिरपुरात आणि धुळ्यात, लग्नांत आणि गणपतीत आम्ही दोघी गाजलो. मुलगी गिटार वाजवते म्हणून लोक बघायला यायचे आणि ऐकत बसायचे. अभिमन मात्र तरणाच गेला. कोकिळा लग्न होऊन फैजपूरला आली. सासरी कार्यक्रम बंद झाले, पण दुपारी कामं आटोपली की ती मला मांडीवर घ्यायची. तार तुटली की नवी लावायची. मी जुनी झाले, पण मुकी झाले नाही.

मग तो तेजस आला. जळगावात राहतो, दुर्मिळ गिटारी जमवतो. कोकिळा मुक्ताईनगरला दर्शनाला गेली असताना तिचा पुतण्या कुंदन याने पैसे घेऊन मला परस्पर तेजसच्या हवाली केलं. कोणी बनवली, कोण वाजवतं, सगळं कुंदनने सांगितलं. मी तिथेच होते, माझ्या कानांनी ऐकलं.

तेजस म्हणाला, "हे कुठे बोलू नकोस. कोणाची ते कळलं की संपलं. गूढ असलं की लोक थांबतात."

असं माझं गूढ तयार झालं! जळगावच्या एका सभागृहात त्याने प्रदर्शन भरवलं. मला काचेच्या पेटीत टांगलं आणि खाली पाटी लावली : 'निर्माता अज्ञात. वादक अज्ञात.' माणसं हळू आवाजात तर्क करत. कोणी म्हणे मुंबईची, कोणी म्हणे परदेशी. माझ्या तारा गंजत होत्या आणि हे माझ्या जन्माचे अंदाज बांधत होते! ओरडायला मला बोट लागतं आणि बोटं तर काचेबाहेर.

शेवटच्या दिवशी कोकिळा आली. कोणीतरी फोनवर माझा फोटो दाखवला होता तिला. सत्तरी उलटलेली, बोटं संधिवाताने वाकडी झालेली. कुंदनला तिने दंडाला धरून आणलं होतं.

"हाई मनी गिटार शे," ती भर सभागृहात अहिराणीत म्हणाली. "मना भाऊनी बनाडेल शे. कुंदन, सांग याले."

कुंदन खाली बघत राहिला. तेजस लोकांकडे बघून हसला. "आजी, असं खूप जण म्हणतात. तुमचीच असेल, तर वाजवून दाखवा."

म्हातारी काय वाजवणार, अशी त्याची खात्री होती. त्याने पेटी उघडली आणि मला मोठ्या स्पीकरला जोडलं. कोकिळाने मला मांडीवर घेतलं. सूर जुळवले. पहिलाच हात पडला आणि गंजलेली तार फाडकन तुटली.

लोक हसले. तेजस पुढे धावला. "बघा, म्हणूनच मी कोणाला हात लावू देत नाही!"

"तार तुटनी. तार तुटसच," कोकिळा म्हणाली. "दुसरी लाव."

तेजसने खिसे चाचपले.

"इतल्या गिटारी शेतस अन् एक तार नई?"

नव्हती. भिंतभर गिटारी, पण वाजवायला कोणी येईल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. कोकिळा थांबली नाही. उरलेल्या पाच तारांवर तिने धुळ्याच्या मांडवात वाजवायची ती चाल धरली. चुकली, पुन्हा धरली. मी इतकी जोरात वाजले की काचा थरथरल्या. हसणारे जवळ सरकले. मग तिने मोठ्याने सांगितलं, "अभिमन. मना भाऊ. शिरपूरना."

तिला मी परत मिळाले, असं तुम्हाला वाटत असेल. नाही. तेजसने मला तिच्या मांडीवरून ओढून घेतलं, प्रदर्शन बंद केलं आणि घरी नेऊन खोक्यात घातलं. गूढ गेलं, मग मी त्याच्या काय कामाची? फेकत नाही, देतही नाही. कोकिळा रोज फैजपूरहून एसटीने त्याच्या दाराशी येते. दार वाजवते. मला ऐकू येतं.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी गोड शब्दांत सांगणार नाही. काचेआड एखादं वाद्य दिसलं, तर विचारा, हे कोणाच्या हातचं? आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.