लाल दोऱ्याचं जाळं

"वाळू नाही, दगड नाही. ही काय टाकी झाली का बाबा? इस्पितळातली खोली वाटतेय," लेक म्हणाली.

"मग तीच आहे ती," असं म्हणून मिस्त्री काचेच्या तीन बाजूंना काळा कागद चिकटवू लागले. नव्या माशाला चारी बाजूंनी माणसं दिसली की तो बिथरतो.

पाणीपुरवठा खात्यात पस्तीस वर्षं पंप दुरुस्त केलेला हा माणूस. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी गल्लीत ते मिस्त्रीच राहिले. नुसत्या आवाजावरून पंपाचा कुठला भाग झिजलाय ते सांगायचे. घरातल्या माणसांचं मात्र आरडाओरडा झाल्याशिवाय ह्यांना काही कळत नाही, असं त्यांची बायको म्हणायची. ती जाऊन आता चार वर्षं झाली होती.

लेकीच्या दिवाणखान्यात मोठी टाकी खाऱ्या पाण्यानं भरून दोन महिने माशांवाचून चालू होती. आज पहिला मासा यायचा होता, पण तो थेट तिथे जाणार नव्हता. आधी सहा आठवडे मागच्या खोलीतल्या ह्या छोट्या टाकीत त्यानं एकट्यानं काढायचे. बरोबर रोग आणला असेल तर इथेच उघडा पडेल आणि औषधही इथेच देता येईल. वाळू, दगड औषध शोषून घेतात, म्हणून टाकी अशी उघडीबोडकी. लपायला प्लॅस्टिकच्या पाइपचे दोन तुकडे, एक हीटर, एक तापमापी, आणि मोठ्या टाकीच्या गाळणीत महिनाभर मुरवलेला स्पंज. पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू त्या स्पंजात वस्तीला आलेले असतात. तो नसला तर मासा स्वतःच्याच घाणीनं मरायचा.

लेक इस्पितळाच्या औषधालयात नोकरीला. पाण्याचा खारेपणा तिनं तीन वेळा मोजला, औषधाच्या बाटलीवर आजची तारीख घातली. पण पाण्यात बोट म्हणून घातलं नाही. स्पंज वडिलांच्या हातात देत म्हणाली, "तुम्हीच लावा. माझ्या हाताचं तुम्हाला माहीत आहेच." आणि हसली.

हिच्या हातचं काही जगत नाही, हा त्यांच्या घरातला जुना विनोद. मामानं सुरू केला, मग सगळ्यांनी उचलला, लग्नात सासरच्यांनाही सांगून झाला. लेक स्वतःच तो सगळ्यांत जास्त सांगायची. तिच्या घरात एक कुंडी नव्हती. नवऱ्यानं हौसेनं आणलेलं मांजर तिनं आठवड्याभरात मैत्रिणीला देऊन टाकलं होतं. ही टाकीसुद्धा तिच्या मुलीनं वर्षभर मागे लागून मिळवलेली. मुलगी आत्ता शाळेत होती.

"तिला बजावून ठेवलंय मी," लेक म्हणाली. "सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे. मी नऊ वर्षांची असताना हट्ट केला आणि सात मासे मारले, तेही सांगितलं."

मिस्त्रींनी पिशवीतून दोन जाळी काढली. एकाच्या दांड्याला लाल दोरा गच्च गुंडाळलेला होता.

"हा दोरा कशाला?"

"हे जाळं फक्त ह्या टाकीचं. मोठ्या टाकीत चुकूनसुद्धा बुडवायचं नाही. ओल्या जाळ्यातून रोग जातो."

"पण आपल्याकडे एकच जाळं असायचं. मला चांगलं आठवतंय. दोन कधीपासून झाली?"

सवयीनं केलं म्हणून सांगता आलं असतं. तशी उत्तरं मिस्त्रींकडे एकोणतीस वर्षं तयार होती आणि त्यांवर त्यांनी निभावून नेलं होतं. पण नातीपर्यंत गेलेलं ते सात माशांचं ओझं त्यांना सोसवेना.

"ते सात गेले ना, तेव्हापासून," ते म्हणाले.

मग तिच्याकडे न बघता त्यांनी सगळं सांगितलं. ते सात मासे जाण्याआधी एका शनिवारी मित्राचा आजारी मासा त्यांनी उपचाराला घरी आणला होता. त्याला जाळ्यानं उचलून बादलीत ठेवलं, आणि तेच ओलं जाळं घेऊन घरच्या मोठ्या टाकीतलं उरलेलं खाणं काढलं. सोमवारी सगळ्यांत जुन्या नारिंगी माशाच्या परावर मिठाच्या कणांसारखे दोन पांढरे ठिपके दिसले. हवेचे बुडबुडे असतील म्हणून त्यांनी सोडून दिलं. तिच्या वाढदिवसाचा निळा मासा छोट्या टाकीत तीन आठवडे ठणठणीत होता. तिनं फारच हट्ट धरला म्हणून बुधवारी मोठ्या टाकीत सोडला. पुढच्या आठवड्यात तो आणि आधीचे सहा, सगळे गेले. "तुझ्या हट्टापायी गेले सगळे," असं ते तिला घरभर माणसं असताना म्हणाले होते.

"रिकामी टाकी घासताना मला तो सोमवार आठवला. तुझा मासा निरोगी होता. रोग माझ्या जाळ्यानं नेला."

लेकीनं तापमापीचा आकडा वाचला, मग पुन्हा वाचला. "आईला माहीत होतं?"

"हो. पोरीला एकदा सांगून टाका म्हणायची. शेवटपर्यंत म्हणायची."

"मग?"

"आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो. तू मोठी झालीस, त्यावर हसायला लागलीस. मला वाटलं, विसरलीस."

"माझी मुलगी झाली तेव्हा दोन महिने मी तिला अंघोळ घातली नाही, बाबा," ती म्हणाली. बाटलीवरचा मजकूर वाचून दाखवावा तसा तिचा आवाज होता. "आईला घालायला लावायचे. माझ्या हातून सटकेल असं वाटायचं."

मिस्त्रींना हे ठाऊक होतं. लेकीला पाठदुखी आहे, असं त्यांनीच तेव्हा शेजाऱ्यांना सांगितलं होतं. आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

दाराची घंटा वाजली. दुकानाचा माणूस मासा घेऊन आला होता. पाण्याचं तापमान सारखं व्हावं म्हणून त्यांनी ती बंद पिशवी छोट्या टाकीत तरंगत ठेवली आणि वीस मिनिटं दोघं दोन खुर्च्यांवर बसून राहिली.

वेळ झाली तसा सवयीप्रमाणे मिस्त्रींनी जाळ्याकडे हात नेला.

"थांबा," लेक म्हणाली. बाह्या वर करून ती मोरीवर गेली आणि तिनं कोपरापर्यंत हात धुतले. मग पिशवीची गाठ सोडली, लाल दोऱ्याच्या जाळ्यात मासा अलगद घेतला आणि हात पाण्यात घालून जाळं उलटं केलं. मासा तिच्या बोटांना घासून सरळ पाइपात शिरला.

"चांगला दिसतोय," मिस्त्री म्हणाले. "मी दर रविवारी येऊन बघून जात जाईन."

"नको. मी बघते. तुम्ही सहा आठवड्यांनी या."

रागानं म्हणाली असती तर त्यांना काही बोलता आलं असतं. त्यांनी मान डोलावली, रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि दाराशी जाऊन चपला घातल्या. वळून पाहिलं तेव्हा ती टाकीसमोर जमिनीवर बसली होती. पाइपच्या तोंडाशी मासा हळूहळू बाहेर डोकावत होता. तिचा हात कोपरापर्यंत ओला होता आणि तिनं तो पुसला नव्हता.