रबराला दामाजीची बंदी

लाइनमन परशुराम शिडी घेऊन बांधावर आला, तेव्हा दामाजी खांबाला पाठ लावून बसला होता. उठायचं नाव नाही.

"काका, सरका. इन्सुलेटर बदलायचेत."

"बदल. पन चिनीमातीचंच लाव. रबर माज्या शेतान लागनार नाय."

बाळकुमच्या खाडीला, मिठागराच्या अंगाला दामाजीचं शेत. गावात वीज नेणाऱ्या लाइनीचा एक खांब नेमका त्यातच. तार खांबाला टेकू न देणाऱ्या वरच्या तपकिरी बश्या, म्हणजे ते इन्सुलेटर, खाऱ्या वाऱ्याने मिठाने माखायचे. थंडीत संध्याकाळी दव पडलं की मीठ भिजायचं, बश्या तडतडायच्या, निळी ठिणगी उडायची आणि गाव अंधारात. परशुराम चढून पुसायचा. चार दिवसांनी पुन्हा तेच. म्हणून ऑफिसातून आता रबराचे आले होते.

"रबर म्हंजे चप्पल," दामाजी बोलला. "उनान वितलंल, आनि तार परंल माज्या डोक्याव. चिनीमाती भट्टीन भाजलेली असते. माजी लोनच्याची बरनी बापाच्या वक्ताची हाय. काय झालं तिला?"

"बरणीवरून लाइन जात नाय ना, काका."

पण दामाजी हलेना. शेवटी परशुरामने बाकीच्या खांबांवर रबर चढवलं आणि दामाजीच्या खांबावर कोरी चिनीमाती. ऑफिसला ऐकायला लावलं म्हणून दामाजी महिनाभर गावात छाती काढून फिरला.

मग आली त्याच्या लेकीची, मंजुळाची हळद. दारात मांडव, लाइटच्या माळा, बेंजोवाले. मोहने गावाहून त्याच्या बायकोचा, मनुबाईचा भाऊ काळुराम सहकुटुंब आलेला. मंजुळा पाटावर बसली, बायकांनी हळदीची वाटी उचलली, बेंजोने सूर धरला, आणि शेतातून तडतड ऐकू आली. मांडव काळाठिक्कर. बेंजो मेला. एकटी ढोलकी थोडा वेळ वाजली, मग तीही लाजून थांबली.

"आमच्या मोहन्यान असा नाय होत," अंधारातून काळुराम बोलला.

मनुबाई कंदील घेऊन आली. "कंचा खांब गेला?"

सगळ्यांना ठाऊक होतं.

तिने नवऱ्याचं मनगट धरलं आणि ओटीवर नेलं. तिथे परशुराम मटणाच्या ताटावर बसला होता. त्याच्या पिशवीतून तिने रबराचा इन्सुलेटर काढला, शेजारी त्याच पिशवीतली, खांबावरून उतरवलेली जुनी चिनीमातीची बशी ठेवली आणि दोन्हींवर तांब्यातलं पाणी ओतलं. चिनीमाती भिजून चकचकीत झाली. रबरावरून थेंब अळूच्या पानावरून पळावेत तसे पळाले.

"दिसला? हेच्याव पानी थांबतच नाय. मंग मीठ भिजंल कसा?"

दामाजीने ते रबर उलटंपालटं करून पाहिलं. बोटाने दाबलंही.

"उनान वितललं त?"

"त तवा बगू. आता पोर अंधारान बसलीय."

परशुरामने हात धुतले, डीपीवर जाऊन लाइन बंद केली, आणि वरात खांबाकडे निघाली. परशुराम वर, काळुरामच्या हातात बॅटरी आणि खाली चिखलात नवं धोतर नेसलेला दामाजी शिडी धरून. वरून पाणी, मीठ, गंज सगळं त्याच्या अंगावर. त्याने शिडी सोडली नाही.

मांडव उजळला. बेंजोवाल्यांनी राग काढावा तसं वाजवायला घेतलं.

परशुराम पुन्हा ताटावर बसतो न बसतो, तोच त्याला दामाजीचा आवाज आला. तो काळुरामला समजावत होता, "खारीच्या हवेन चिनीमाती कामाची नाय, पावनं. रबरच पायजे. ह्यो परशुराम आयकतच नव्हता, मीच बोल्लो, खांबाव रबर चरव."

परशुरामचा घास हातातच राहिला. त्याने मनुबाईकडे पाहिलं.

"तू खा गपचीप," म्हणत तिने त्याच्या ताटात अजून एक नळी टाकली आणि नवऱ्याला हाक मारली, "अवो, हलद लावा पोरीला."

दामाजी तसाच गेला. शिडीचा काळा चिखल हळदीत कालवला गेला. बायका हसल्या, मंजुळाही हसली, पण तिने गाल पुढे केला.