मारामाबाबाचा नातलग

मित्रांनो, या, असे जवळ बसा. घाबरू नका, मी लाथ मारत नाही. ते काम माझ्याखाली उभी राहते तिचे. मी खोगीर आहे. आमच्या घरचे आजोबा, अशिम अता, एकोणीस वर्षांचे होते तेव्हा मी जन्मलो आणि आता त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या आहेत, म्हणजे माझे वय तुम्हीच मोजा. तुम्हांला सांगायची गोष्ट मात्र मागच्या शरदातलीच आहे. ती आठवली की अजून माझे तंग आपोआप ताठ होतात. खोगिराच्या गोष्टीत खोगीरभरती शोभत नाही, म्हणून जन्माचे थोडक्यात सांगतो.

नारीन नदीच्या वरच्या अंगाला सोल्तोबाय नावाचे कारागीर राहत. त्यांनी नदीकाठच्या भूर्जाचे लाकूड तीन वर्षे सावलीत वाळवले, मग त्याला आकार दिला आणि त्यावर ओले कातडे ताणून शिवले. कातडे वाळताना लाकडाला असे काही आवळून धरते, की खिळ्याची गरजच उरत नाही. माझ्या अंगात आजही एक खिळा नाही. अतांच्या आईने हातातली बांगडी काढून दिली, ती वितळवून सोल्तोबायनी पाच पाकळ्यांचे चांदीचे फूल केले आणि माझ्या पुढच्या उंचवट्यावर बसवले. बाजारात म्हातारी माणसे त्या फुलावरून अंगठा फिरवत आणि म्हणत, "अशिम, घोडा विकलास तरी चालेल, हे विकू नकोस."

किती धावलो म्हणून सांगू! बर्फात मेंढरे शोधली, पुरातून नदी ओलांडली, अतांचा मुलगा तालाय तीन वर्षांचा असताना माझ्यावरच पहिल्यांदा बसला आणि उतरायला तयार होईना. पुढे घरात मोटार आली. मी कोठारात गेलो. एका कोंबडीने माझ्यावर दोन वर्षे अंडी घातली. कोणी चरबी लावीना, कातडे तडकू लागले. मग तालायची मुलगी अक्मोर शाळेत जाऊ लागली आणि अभ्यासाला माझ्यावर येऊन बसू लागली. ती बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाची, मी ऐके. अक्षरे मला उशिरा आली, पण आली.

तालाय कामासाठी परदेशात गेला, इमारती बांधायला. दोन वर्षे झाली. फोनवर तो बायकोला, बुरुलला, म्हणायचा, "घरचं काहीतरी पाठव गं. इथं विटा बघून बघून डोळे विटले."

बुरुल पाठवू लागली. आधी फक्त त्याला. पण फोनवर एक मोठी चावडी असते, तिथे टाकले की गावोगावची माणसे बघतात आणि लाल बदाम देतात. बुरुलने वसंतातल्या शर्यतीत पहिली आलेली आमची घोडी टाकली: काश्का, कपाळावर पांढरा टिळा असलेली. तीनशे बदाम आले. मग निळे फाटक टाकले, त्यावर रंगवलेल्या दोन हंसांसह. मग अतांचा सुजलेला गुडघा, काही औषध सुचवा म्हणून. तालाय विमानात चढतानाचे चित्र तर आधीच होते. बुरुलचा हेतू चांगला होता, मित्रांनो. दिवसभर ती गाईंशी बोलायची. संध्याकाळी तिच्याशी कोणीतरी बोलत होते.

आमच्याकडे प्रत्येक पोराला आपल्या सात पिढ्यांची नावे पाठ असावी लागतात. अनोळखी माणूस दारात आला की आधी ती नावे सांगतो, आणि त्यांत एखादे आपले निघाले की तो पाहुणा राहत नाही, घरचा होतो. त्या उन्हाळ्यात गावोगावच्या बाया आपापल्या पोरांची सात नावे चावडीवर टाकू लागल्या होत्या. बुरुलने मला कोठारातून काढले, पुसले, काश्कावर चढवले आणि वर अक्मोरला बसवले. पंधरा वर्षांनी ऊन लागले मला! काश्काची पाठ खालून थरथरली आणि मीही थरथरलो.

"आता म्हण," बुरुल फोन धरून म्हणाली. "आणि नाक पुसून घे आधी."

"तालाय, अशिम, सादिर, बोरुबाय, मारामा, एसेन, तायलाक," अक्मोरने एका दमात म्हटले.

बुरुलला हसू फुटले. कारण पाचव्या बाबाचे नाव मारामा नव्हतेच. ते होते कोयचुमान, मेंढरांचा धनी. पण सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव तोंडातून काढायचे नाही, आणि घराजवळचा झरा तर त्याच बाबाच्या नावाचा. मग पाण्याला जाताना सांगायचे कसे? लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बुरुलने त्याला स्वतःच एक नाव ठेवले: मारामा, म्हणजे बें-बें करणारे. "मारामाबाबाच्या झऱ्यावर जाऊन येते," असे ती रोज म्हणायची. तेच पोरीच्या जिभेवर बसले होते.

"आई, चुकलं का गं?"

"चुकलं. पण ते मला सांगता येणार नाही. अता कुरणावरून आले की त्यांना विचार. राहू दे, गोड झालंय."

तिने ते तसेच टाकले. खाली लिहिले: आमच्या चौथ्या बाबांचा धाकटा मुलगा दुष्काळात तलासकडे गेला, तो परत आलाच नाही, कोणाला त्यांच्या घराचे काही माहीत असेल तर सांगा, आमचे अता फार वाट बघतात. हजार बदाम आले. कोणीतरी माझ्याविषयीही लिहिले: काय खोगीर आहे! खरे सांगतो, मी फुगलो.

अता कुरणावरून परतले आणि तिसऱ्याच दिवशी, भर दुपारी, निळ्या फाटकाशी एक झाकलेला ट्रक थांबला. पांढरी टोपी घातलेला, पस्तिशीचा एक माणूस छातीवर हात ठेवून आत आला.

"सलाम, अबा," तो काकाला म्हणावे तसे म्हणाला. "हंसांचं फाटक, बाबा सांगायचे अगदी तसंच."

"कोण रे तू?" अतांनी कानाशी हात नेला. "जवळ ये. हा कान वाऱ्यानं नेला माझा."

"एर्मेक. तलासहून आलो. आधी नावं सांगतो, मग चहा पितो." आणि त्याने भराभरा सांगितली, "बाप झान्कोरोझ, आजा कादिर, त्यांचे वडील बोरुबाय, मग मारामा, एसेन, तायलाक."

बोरुबाय म्हणताच अतांचे डोळे भरले. पुढचे त्यांनी ऐकलेच नाही. त्यांनी त्याला मिठीत घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाही. "माझे वडील मरताना विचारत होते," ते म्हणाले, "कादिरचा काही निरोप आला का म्हणून."

खरे म्हणजे कादिर हे नाव त्या माणसाने कुठून मिळवले, ते पुढे कळले. चावडीवर कोणीतरी बुरुलला ते विचारले होते आणि तिने अक्मोरकडून ते लिहवून घेतले होते. पण तेव्हा मला काय ठाऊक! मीही आनंदात होतो. सत्तर-ऐंशी वर्षांनी घर जोडले जात होते.

सफरचंदाच्या झाडाखाली सतरंजी पसरली. पिठाचे फुगीर बोरसोक तळले, लोणी आले, जर्दाळूचा मुरंबा आला. पाहुण्याने खिशातून डबी काढली. "गुडघ्याला लावा, अबा. चरबीचं मलम आहे." मग त्याने मुद्दा काढला. वडिलांच्या वर्षश्राद्धाचे जेवण येत्या शुक्रवारी आहे, घोडे धावणार आहेत, आणि आपल्या रक्ताचा घोडा पुढे आला तर बाबांचा आत्मा निवेल. काश्का द्याल का? शनिवारी आणून सोडतो.

"विचारतोस काय?" अता म्हणाले. "घरच्यांनी घोडा मागितला आणि दिला नाही, असं या फाटकात घडलेलं नाही."

"आणि ते चांदीच्या फुलाचं खोगीर असेल ना, अबा? त्याच्यासकट शोभेल ती."

मित्रांनो, मला काय झाले सांगू! पंधरा वर्षे कोठारात काढलेल्या मला कोणीतरी तलासहून मागत आले होते! अतांनी मला स्वतः काश्कावर चढवले, तंग आवळले आणि तिला झाडाजवळच्या खुंटीला बांधले. ट्रकची फळी खाली पडली. काश्काने त्या काळोख्या पेटीकडे बघून कान मागे टाकले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला: मी तर कोठारात होतो. या माणसाने मला पाहिले कुठे?

पण खोगिराला तोंड नसते. असते तर त्या दिवशी मी हिणहिणलो असतो.

बुरुल चहा ओतत होती. एर्मेकने नावे सांगितली तेव्हापासून एक शब्द तिला खटकत होता. मारामा हा शब्द तलासला कसा गेला? तो तिचा होता, तिने घागर भरताना घडवलेला. खुद्द अताही तो शब्द कधी वापरत नसत. मग तिने मनातल्या मनात जुळवले. गुडघा: तिने टाकला होता. हंस: तिने टाकले होते. घोडी, खोगीर, तलास, घरात तरणा पुरुष नाही ही गोष्टसुद्धा. एकेक करून तिनेच सगळे त्याच्या ओंजळीत घातले होते.

पण बोलायचे कसे? पाहुण्याला भर चहात खोटा म्हणायचे, तेही सासऱ्यासमोर? आणि समजा तो खरा निघाला तर? अतांनी जन्मभर वाट पाहिलेले माणूस तिने हाकलल्यासारखे झाले असते. एर्मेक उठला, काश्काच्या दोराकडे वळला.

"दादा," बुरुल म्हणाली. "जाण्याआधी एक काम कराल? तुम्ही रक्ताचे म्हणून सांगते."

"सांग की, वहिनी."

"पोरीला शाळेत सात नावं लिहून न्यायची आहेत. पाचव्या बाबांचं नाव मला घेता येत नाही, सून पडले मी. तुम्हीच सांगा तिला. जरा मोठ्यानं, म्हणजे अतांनाही ऐकू येईल."

"सांगितलं ना मघाशी. मारामा."

"ते नव्हे. त्यांचं नाव."

"नावच ते." तो हसला. "मारामा. आमच्याकडे तर मारामाबाय म्हणतात, मानानं."

अतांनी कानाशी हात नेला. "काय म्हणतोय?"

अक्मोर त्यांच्या चांगल्या कानाशी गेली. "हे म्हणतात पाचव्या बाबांचं नाव मारामा. पण अता, मारामा तर आई म्हणते."

अतांनी वाटी खाली ठेवली. सावकाश उठले, गुडघा दुखत असताना उठले, आणि खुंटीपाशी येऊन माझ्या चांदीच्या फुलावर हात ठेवला.

"आमच्या सुनेनं ठेवलेलं नाव आहे ते, बाळा," ते म्हणाले. "या अंगणाबाहेर ते कोणी घेत नाही. तू कुठून आणलंस?"

एर्मेकने एकदा फाटकाकडे बघितले, एकदा ट्रककडे.

"चहा संपव," अता म्हणाले. "फाटकातून आलेल्याला मी उपाशी घालवत नाही. पण दोराला हात लावू नकोस."

त्याने चहा संपवला नाही. टोपीसुद्धा सतरंजीवरच राहिली. ट्रकची फळी धड न लावता तो सुटला, आणि बुरुलने फोन उचलला, या वेळी ट्रकचा नंबर पोलिसांना कळवायला. संध्याकाळी खिंडीत पोलिसांनी तो अडवला. आत दुसऱ्या खोऱ्यातले दोन घोडे होते. त्या घरांतल्या पोरांनीही चावडीवर सात नावे सांगितली होती म्हणे.

बुरुल अतांपुढे रडली. "मीच घर उघडं टाकलं, अता."

मला वाटते अता कादिरच्या घराला दुसऱ्यांदा मुकले होते. तरी ते म्हणाले, "उघड्या घरात काय चूक आहे, पोरी? आपण सगळे तसेच जगलो. पण तेव्हा फाटकात कोण उभं आहे ते दिसायचं. त्या तुझ्या फोनमध्ये हजार माणसं उभी आहेत, आणि तू एकालाही चहा पाजलेला नाहीस." थोड्या वेळाने त्यांनी ती डबी उघडून गुडघ्याला मलम लावले. "चोर होता," ते म्हणाले, "पण मलम बरं आहे."

त्या रात्री बुरुलने एकेक चित्र काढून टाकले. आता घरचे सगळे ती अकरा माणसांना पाठवते. अकराही जणांनी आमच्याकडचे बोरसोक खाल्लेले आहेत. काश्का शर्यतीला कुठे जाणार हे ती शर्यत झाल्यावर सांगते. अक्मोरचे काही पाठवायचे तर आधी अक्मोरला विचारते, आणि अक्मोर फार भाव खाते.

मलाही आता दर महिन्याला चरबी लावतात. कातड्याची काळजी घेतली नाही तर ते तडकते, आणि तडा आधी आतून जातो, वरून कळत नाही. घरातल्या गोष्टींचेही तसेच आहे, मित्रांनो. नाव, गाव, फाटक, कोण घरी नाही, काय दुखते: एकेक गोष्ट लहानच असते. कोणीतरी ती गोळा करत असतो. तेव्हा टाका, जरूर टाका, पण आधी एकदा फाटकाकडे बघा.

आणि हो. नव्या नंबरावरून तालायचा फोन आला आणि त्याने काही मागितले, तर बुरुल पुढे बोलण्याआधी विचारायची, "पाचव्या बाबांना मी काय म्हणते?" तो म्हणायचा, "मारामा," आणि दोघेही हसायचे. तुम्ही मनात म्हणाल, या खोगिराने आत्ताच सगळ्यांना सांगून टाकले की! नाही हो. गेल्या आठवड्यात त्यांनी शब्द बदलला. माझ्यासमोरच, याच झाडाखाली. नवा शब्द तर जुन्याहून भारी आहे, अता तो ऐकून इतके हसले की चहा नाकात गेला.

काय आहे तो? मला ठाऊक आहे.

सांगणार नाही.