माझी खडखड ऐकणारी

“अगं बाई, हा तर गातोय!”

मित्रांनो, जन्मभर मी पुष्कळ आवाज ऐकले, पण मनात राहिला तो हाच. मला खोक्यातून काढून टेबलावर ठेवले होते. वायर जोडली, कागद लावला आणि मी आयुष्यातली पहिली ओळ छापली. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. एक कोवळी पोर मात्र टाळी वाजवून हे बोलली.

मी एक जुना प्रिंटर आहे. हल्लीच्या प्रिंटरांसारखा गुपचूप शाई फवारून मोकळा होणारा नव्हे. माझ्या डोक्यात बारीक सुया आहेत. त्या शाईच्या फितीवर आपटतात, फीत कागदाला टेकते, आणि ठिपक्याला ठिपका लागून अक्षर होते. म्हणजे मी लिहीत नाही, टोचतो. कागद उलटा केलात, तर माझे प्रत्येक अक्षर पाठीवर उठलेले असते.

आमची कंपनी कड्या, कोयंडे आणि बिजागऱ्या विकणारी. थोरले मालक म्हणायचे, “दार कुणाचंही असो, फिरतं ते आपल्या जिवावर.” ती पोर तिथे हिशेबाला नवीन लागली होती. पुढे सगळे तिला हिशेबताई म्हणू लागले. माझे नाव तिनेच ठेवले, खडखड्या.

तिची बोटे कीबोर्डच्या कळांवर पळायची आणि मी तिच्यामागे धावायचो. पांढरी प्रत गिऱ्हाइकाला, गुलाबी कचेरीला, पिवळी गोदामात. काम जोरात आले की ती माझ्या तालावर गुणगुणायची:

कागदाच्या रानामधी पेरिते मी आकडे,
बैल माझा खडखड्या, पाऊल ना वाकडे.

गोदामकाका पिवळी प्रत न्यायला आले की चिडवायचे, “ताई, तुमचं हे यंत्र बोलतंय की दात खातंय?”

“तुमच्यापेक्षा कमीच बोलतं, काका. आणि खोटं तर अजिबात नाही.”

माझ्या कागदाच्या दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असत. त्या फाडून ताई साखळ्या करायची. मालकांचा छोटा मुलगा त्या गळ्यात घालून कचेरीभर नाचायचा. ते माझे सुखाचे दिवस होते. थोरले मालक येता-जाता माझ्या झाकणावर थाप मारत, “शाबास रे!”

मग थोरले मालक गेले. साखळ्या घालून नाचणारा मुलगा मोठा होऊन त्यांच्या खुर्चीत बसला. माझे झाकण पिवळे पडले. फिती मिळेनाशा झाल्या. एकच फीत ताई पुन्हापुन्हा फिरवून लावायची.

ताईचेही काही बदलत होते, आणि ते फक्त मला ठाऊक होते. आधी तिने माझी अक्षरे रुंद करून घेतली. मग कागद नाकाशी धरू लागली. नंतर एक नवीनच सवय लागली. बिल फाडण्याआधी ती कागद उलटा करायची आणि अंगठा पाठीवरून हळूहळू फिरवायची. पोराच्या पाठीवरून आईने फिरवावा तसा. मला वाटायचे, माझे लाड चालले आहेत.

एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना तिने माझ्याशेजारचा फोन उचलला. पलीकडे डोळ्यांचा डॉक्टर असावा.

“ऑपरेशनचाही उपयोग नाही म्हणता? ... नाही, घरी आई आहे फक्त. आम्ही दोघीच. माझ्याच पगारावर ... बरं. ठेवते.”

फोन ठेवून ती बराच वेळ माझ्या झाकणावर दोन्ही हात टेकून बसली. गोदामकाका परत आले तेव्हा ती म्हणाली, “काही नाही हो, डोकं चढलंय जरा.” त्या दिवसापासून तिचे गुणगुणणे थांबले.

आणि तशातच नवी सिस्टीम आली.

ती बसवायला एक बाई येऊ लागल्या. चष्मा सारखा नाकावर घसरायचा, बोलणे मऊ. जो तो त्यांना सिस्टीमवाल्या बाई म्हणे. त्या प्रत्येकाशेजारी खुर्ची ओढून बसत आणि समजावत. गोदामकाकासुद्धा शिकले. आता पिवळी प्रत नको. माल काय पाठवायचा ते त्यांच्या फोनवरच उमटे. “ताई, आता तुमच्या बैलाला विश्रांती!” ते हसून म्हणाले. ताई हसली नाही.

जुन्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर सगळे काम कळांवर चालायचे. तिच्या बोटांना त्या वाटा पाठ होत्या. नवा पडदा पांढराशुभ्र, अक्षरे राखाडी आणि केसासारखी बारीक. मालाचे नाव टाइप करायचे नाही, माउसने यादीतून निवडायचे. एका ओळीत डावी बिजागरी, तिच्याच खाली उजवी.

महिनाभर दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी चालवायच्या असे ठरले होते. ताई फोनवर आलेली प्रत्येक ऑर्डर आधी जुन्यात घालायची, मला छापायला लावायची, मान कलती करून बसायची, अंगठा फिरवायची. मग नव्या पडद्याकडे वळायची, आणि तिथे माउस अंदाजाने खाली-वर सरकवायची.

एका दवाखान्याला डाव्या बिजागऱ्या हव्या होत्या. गेल्या उजव्या. सुतार पोते खांद्यावर टाकून आला आणि धाडकन जमिनीवर आपटून म्हणाला, “मालक, ह्या बिजागऱ्या लावायच्या तर मला भिंती फिरवाव्या लागतील!”

सगळे हसले. धाकट्या मालकांनी ताईकडे पाहिले.

“मी बरोबरच दिलं होतं,” ताई म्हणाली. “ही सिस्टीमच काहीतरी घोळ घालते.”

मग कड्यांच्या जागी कोयंडे गेले. मग एकाचा माल दुसऱ्याला. दर वेळी ताई तेच म्हणाली. कचेरीत कुजबूज सुरू झाली, “शिकायचंच नाहीये त्यांना. अडून बसल्यात नुसत्या.” तिच्या कानावर ते जात होते. हट्टी म्हणताहेत तर म्हणू देत, असे तिने ठरवलेच असावे. हट्टी माणसाला पगार मिळतो.

धाकट्या मालकांनी मात्र तिच्यावर विश्वास ठेवला. त्यांनी सिस्टीमवाल्या बाईंना सगळ्यांदेखत सुनावले, “आमच्या ताई इतक्या वर्षांत चुकल्या नाहीत. तुमचं काम कच्चं आहे. मी तुमच्या साहेबांशी बोलतो.”

बाईंनी चष्मा वर सारला. “बोला, सर. पण हे फसलं तर मला पुढचं काम देणार नाहीत. निदान काय चुकतंय ते तरी मला शोधू द्या.”

ताई मान खाली घालून बसली होती. तिचा हात माझ्या झाकणावर होता.

मित्रांनो, हे सगळे मी तुम्हाला भंगाराच्या हातगाडीवरून सांगतो आहे. वायर माझ्याच पोटाला गुंडाळली आहे. शेजारी एक मोडका पंखा आहे. मला जपा, असे मी म्हणणार नाही. माझी वेळ होऊन गेली. एवढेच मागतो: जुनी वस्तू घरातून, कचेरीतून उचलाल तेव्हा तिच्यावर कुणी हात ठेवून उभे आहे का, ते पाहा. असेल, तर रागावण्याआधी त्याला विचारा. आज सकाळी ताईला विचारले गेले, पण फार उशिरा.

आज जुना कॉम्प्युटर कायमचा बंद केला. मला न्यायला भंगारवाला दारात उभा होता. धाकटे मालक हातात फोन घेऊन बाईंच्या साहेबांचा नंबर शोधत होते. ताई माझ्यापुढे उभी राहिली, आणि बाजूला होईना.

“ताई, सोडा ना आता हे डबडं,” मालक म्हणाले. “काय ठेवलंय त्याच्यात?”

सिस्टीमवाल्या बाई उठून तिच्याजवळ आल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, “ताई, माझा राग असू दे. पण अक्षरं बारीक वाटतात का? मी मोठी करून देते. ह्या खडखड्याएवढी. ह्याची तर वाचता ना तुम्ही?”

मी फुशारलो, मित्रांनो. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या अक्षरांचे नाव काढले होते.

ताई मालकांशी बोलायला वळली. मालक उजवीकडे उभे होते आणि ती डावीकडे बघत होती.

“फोन ठेव, बाळा,” ती म्हणाली. त्यांना असे ती पूर्वी म्हणायची, साखळ्यांच्या दिवसांत. “ह्या बाईंची काही चूक नाही. सिस्टीमचीही नाही. समोर बघितलं की मधोमध भोक दिसतं रे मला, शालीला कसर लागावी तसं. रोज मोठं होतंय. हा छापतो तेव्हा एकच्या आकड्याचा आवाज बारीक येतो, आठचा भरीव. बेरजेआधी लांब रेघ वाजते. त्यावर आणि अंगठ्याला लागणाऱ्या ठिपक्यांवर चालवलं मी. ह्याचीसुद्धा अक्षरं मला कधीची दिसत नाहीत. मी नुसतं ऐकते.”