मी म्यूटची कळ बोलतेय

मी एक कळ बोलतेय. पोटात येते ती नव्हे, आणि दोघांत भांडण जुंपावं म्हणून लावतात तीही नव्हे. मी हेडफोनच्या वायरवरची म्यूटची कळ. मला दाबलं की माणसाचा आवाज पलीकडे जात नाही. थोडक्यात, लोकांना गप्प करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि आज मीच बोलायला बसलेय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. एका यंत्राने मला दाबदाब दाबलं आणि पास केलं. मग एका सॉफ्टवेअर कंपनीने मला खोक्यात घालून बिटकीच्या आईकडे पाठवलं. बिटकी म्हणजे तिची नुकती बोबडं बोलू लागलेली लेक. लांबलेली रजा संपवून बिटकीची आई घरून काम करू लागली होती. पहिल्या दिवसापासून तिचा अंगठा माझ्यावरच.

म्यूट करून माणसं काय करतात हे आम्हालाच ठाऊक. कुणी मटार सोलतं, कुणी गाणं म्हणतं, एकजण तर चक्क घोरतो. आठवड्यातून एकदा सगळे ऑफिसात जमायचे, तेव्हा आम्ही हेडफोन टेबलावर एकमेकांत गुंतून पडायचो आणि कळांच्या गप्पा रंगायच्या.

"आमची टेस्टर प्रोग्राम चालला की खुर्चीतल्या खुर्चीत नाचते," एक म्हणायची.

"आमचा रोज नोकरी सोडतो," दुसरी सांगायची. "मग इथे आला की कॉफी पितो आणि म्हणतो, एवढी हुशार माणसं आणि एवढी फुकटची कॉफी दुसरीकडे कुठे मिळणार."

न आवडणाऱ्या गोष्टीबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. साडेपाचची मीटिंग.

ती घ्यायचे बॉस. "दोनच मिनिटं," असं म्हणून सुरू करायचे आणि बाहेर अंधार पडला की थांबायचे. त्यांच्यामागे सगळे त्यांना 'दोनमिनिटे' म्हणायचे. नाव असं चपखल बसलं होतं की खरं आडनाव वाटावं.

इतरांचा नुसता वेळ जायचा, बिटकीच्या आईचं मात्र पाळणाघर जायची वेळ आली होती. ते सहाला बंद व्हायचं. ही धापा टाकत पोचेपर्यंत मावशी कुलूप लावून, बिटकीला कडेवर घेऊन पायरीवर उभ्या. एकदा त्यांनी सरळ सांगितलं, "बाई, पोर गोड आहे, पण मलाही घर आहे. आता एकदा जरी उशीर झाला, तर दुसरं पाळणाघर बघा."

त्यानंतर ती रोज मला दाबून सराव करायची. "सर, एक छोटीशी विनंती होती." मग, "छोटीशी नको, नुसती विनंती." मग, "जाऊ दे, म्हणतील आत्ता रजेवरून आली आणि लगेच सुरू झाली." बाळंतपणाच्या कळा सोसलेली ही बाई, पण बॉसशी बोलायचं म्हटलं की अंगठा माझ्यावरून हटेना. तिची विनंती मला पाठ झाली होती. ज्याने ऐकायला हवी त्याला सोडून सगळ्या जगाला झोपेतही ऐकवू शकेन इतकी.

आणि एका रविवारी बिटकीने दुधात बुडवलेलं बिस्किट माझ्यावर घासलं. थोडा चुरा माझ्या पोटात गेला, वाळला आणि रुतून बसला.

सोमवारी मीटिंग रंगात आली होती. घड्याळ सहाकडे सरकत होतं. बॉस म्हणाले, "ही वेळ सगळ्यांना सोयीची आहे ना?"

बिटकीच्या आईने मला दाबलं. मी जीव खाऊन आत जायला बघत होते, पण चुरा हलेना.

"सोयीची?" ती म्हणाली. "या दोनमिनिट्यांच्या दोन मिनिटांपायी माझ्या पोरीचं पाळणाघर सुटायची वेळ आलीय. पोरगी मावशींनाच आई म्हणायला लागलीय. सकाळी घ्या की मीटिंग, सकाळी काय धाड भरते?"

पलीकडे घोरणारासुद्धा जागा झाला.

"दोनमिनिटे कोण?" बॉसनी विचारलं. "आपल्याकडे नवीन आलेत का?"

बिटकीच्या आईने माझ्याकडे बघितलं. नोकरी गेली आणि पाळणाघरही गेलं, असा तिचा चेहरा.

तेवढ्यात टेस्टरची कळ उघडली. "तुम्हीच, सर." मग कॉफीवाल्याची उघडली. "मलाही ही वेळ नकोय, सर." मग पटापट सगळ्याच.

बॉस हळूच म्हणाले, "मला वाटलं, मीटिंग नाही घेतली तर तुम्ही म्हणाल, हा दिवसभर करतो काय."

"ते तर आम्ही तसंही म्हणतो, सर," टेस्टर म्हणाली.

पहिल्यांदा हसले ते बॉसच. "मग उद्यापासून सकाळी अकरा. आणि बिटकीच्या आई, तुम्ही अजून इथे काय करताय? पळा."

ती पळाली, मला कानाला तशीच लटकवून. मावशींच्या हातात कुलूप होतं, पण ते अजून लागलेलं नव्हतं. "जमतंय की," एवढंच त्या म्हणाल्या.

नवा हेडफोन आला, आणि मी बिटकीची झाले. आता ती मला दाबते आणि फर्मान सोडते, "आई, गप." आई गप बसते. "बाबा, गप." बाबा त्याहून लवकर बसतात. मी काहीच करत नाही, पण मान पूर्वीपेक्षा जास्त आहे.

तुमच्याकडे माझ्या बहिणी असतील. मटार सोला, गाणी म्हणा, खुशाल दाबा त्यांना. पण एखादं वाक्य रोज त्यांनाच ऐकवत असाल, तर एकदा अंगठा बाजूला घ्या. प्रत्येकीला बिस्किटाचा चुरा मिळतोच असं नाही. मला मिळाला. मी बिघडले, म्हणून तर आज बोलतेय.